पाठ तिची, भार आपला

इंग्लंडात निराधार घोड्यांचे पुनर्वसन करणाऱ्या अनेक संस्था आहेत. ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ ही त्यांपैकी एक जुनी संस्था. १९२७ साली एडा कोल या महिलेने तिचा पाया घातला. उपासमार, आजार किंवा मालकाची हेळसांड यांतून सोडविलेल्या घोड्यांची अशा संस्था शुश्रूषा करतात आणि ते बरे झाले म्हणजे योग्य घर पाहून त्यांना तेथे सांभाळावयास देतात. घोड्याची मालकी संस्थेकडेच राहते आणि तिचे प्रतिनिधी वेळोवेळी येऊन त्याची प्रकृती पाहून जातात. घोडा स्वारीयोग्य असेल, तर त्याचे वय, उंची आणि स्वभाव यांबरोबर त्याच्या पाठीवर किती वजन चालेल, याचीही चौकशी होते. पुष्कळ माणसे थबकतात ती या शेवटच्या प्रश्नापाशी.

उदाहरणादाखल एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. एका मध्यमवयीन स्त्रीने अशी एक अरबी घोडी सांभाळावयास घेतली आहे. घोडी आली तेव्हा तिच्या बरगड्या दुरून मोजता येत होत्या. आता अंग भरले आहे, कांती तकाकू लागली आहे, हाक ऐकताच ती मान वळवून पाहते. संस्थेच्या पशुवैद्याने हलक्या स्वारीला हळूहळू आरंभ करण्यास हरकत नाही असे सांगितले आहे. खोगीर तयार आहे, रिकिबी पुसून ठेवल्या आहेत. आणि नेमक्या त्याच दिवशी त्या स्त्रीचे पाऊल अडखळते. घोडी लहानखुरी, पाय हरणासारखे बारीक. आपले शरीर थोराड. आपला भार हिला सोसेल काय? पुन्हा हिला दुखविणारे हात आपलेच तर ठरणार नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आजूबाजूची माणसे दोन तऱ्हांची उत्तरे देतात. कोणी हसून म्हणतात, “अरबी घोड्याला काय होते? वाळवंटातली जात ती!” कोणी नुसते अंगावरून नजर फिरवून गप्प बसतात. पहिल्या उत्तराने खोटा धीर येतो, दुसऱ्याने लाज वाटते. घोडीच्या पाठीला दोहोंचा उपयोग नाही. तिला हवा असतो तो खरा हिशेब. हिशेब मांडणे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यांना तो समजण्यास कठीण नाही.

लहान चण, मोठी ख्याती

अरबी घोडा उंचीने मध्यम. खांद्यांच्या उंचवट्यापाशी मोजला तर साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटर भरतो आणि त्याचे वजन बहुधा ३६० ते ४५० किलोच्या दरम्यान असते. पाठ आखूड, हाडे घट्ट, छाती खोल. पुष्कळ अरबी घोड्यांत बरगड्यांच्या १८ ऐवजी १७ जोड्या आणि कमरेचे ६ ऐवजी ५ मणके आढळतात. आखूड पूल लांब पुलापेक्षा अधिक भार पेलतो, तसाच काहीसा लाभ या आखूड पाठीला मिळतो.

मुंबईला या जातीची ओळख फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातील बसरा, कुवेत अशा बंदरांतून अरबी घोडे गलबतांनी मुंबईस येत आणि येथील व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून ते देशभर विकले जात. पुढे इंग्रज सेनापती म्हणून प्रसिद्धीस आलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी १८७७ साली मुंबईतच एक करडा अरबी घोडा विकत घेतला. व्होनोलेल हे त्याचे नाव. काबूल-कंदाहारच्या मोहिमेत तो त्यांच्याबरोबर होता. राणी व्हिक्टोरियाने त्याला पदके बहाल केली आणि अखेर डब्लिन शहरात त्याचे दफन झाले. युद्धाचे कौतुक बाजूस ठेवले, तरी या घोड्याच्या कथेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: त्याचा स्वार बांध्याने ठेंगणा होता. घोड्याची कीर्ती सांगणारे स्वाराचे वजन सांगावयास सहसा विसरतात.

वजनाचाही पुरावा आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत घोड्यांच्या सहनशक्तीच्या मोठ्या परीक्षा झाल्या. पाच दिवसांत ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर, चालावयाचे. १९२१ च्या परीक्षेत प्रत्येक घोड्यावर २४५ पौंड, म्हणजे सुमारे १११ किलो भार होता आणि पहिला आला तो क्रॅबेट नावाचा अरबी घोडा. कॅलिफोर्नियात १९५५ पासून ‘टेव्हिस चषक’ म्हणून ओळखली जाणारी १०० मैलांची स्वारी होते. डोंगराळ वाट २४ तासांच्या आत पुरी करावयाची असते. तेथेही अरबी रक्ताचे घोडेच बहुसंख्येने पुढे असतात. खोगिरासह २११ पौंड किंवा त्याहून अधिक भरणाऱ्या स्वारांसाठी अमेरिकेतील दूर पल्ल्याच्या स्वाऱ्यांत वेगळा गट असतो. त्या गटातही अरबी घोडे असतातच.

हे सारे वाचून त्या स्त्रीने निश्चिंत व्हावे काय? तेवढ्याने नव्हे. क्रॅबेट हा परीक्षेसाठी मुद्दाम तयार केलेला, भरल्या अंगाचा, निरोगी घोडा होता. त्याने कोणत्या जातीत किती सामर्थ्य असू शकते हे दाखविले. उपासमारीतून उठलेल्या घोडीच्या अंगी ते आज आहे की नाही, हे तिच्याच अंगावरून पाहावे लागते.

पाचवा हिस्सा

घोड्यावर किती भार घालावा, याचा एक ठोकताळा अमेरिकी घोडदळापासून चालत आला आहे. स्वार, खोगीर आणि इतर सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून, म्हणजे शेकडा २० हून अधिक भार होऊ नये, असा तो आहे. या ठोकताळ्याची आधुनिक पारख अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या शेकडा १५, २०, २५ आणि ३० इतका भार घालून प्रत्येक वेळी ४५ मिनिटे काम घेण्यात आले. १५ आणि २० पर्यंत फारसा फरक दिसला नाही. २५ वर हृदयाचे ठोके वाढले आणि स्नायू किंचित दुखू लागले. ३० वर दुखणे स्पष्ट झाले. ज्या घोड्यांची कंबर रुंद आणि पायांची नळी जाड, त्यांना त्रास कमी झाला.

इंग्लंडात पशुवैद्य स्यू डायसन यांनी केलेली एक छोटी पाहणी याहून कठोर निघाली. सहा घोडे आणि कमीअधिक वजनाचे चार स्वार घेऊन ती झाली. अधिक वजनाच्या दोन स्वारांच्या सर्व फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण घोडे तात्पुरते लंगडू लागले किंवा त्यांच्या वागण्यात वेदनेची चिन्हे दिसू लागली. त्यातला एक स्वार घोड्याच्या वजनाच्या शेकडा २० च्या आतला होता, हे येथे विशेष. मात्र खोगीर त्या स्वारांच्या मापाचे नव्हते, त्यामुळे भार मागच्या कडेवर एकवटत होता, हेही याच पाहणीतून दिसले. म्हणून शेकडा २० हा आकडा कुंपणासारखा मानावा. त्याच्या आत सगळीकडे जमीन सारखीच घट्ट असते, असे मात्र समजू नये.

आता त्या घोडीचा हिशेब मांडू. मोठा काटा हाताशी नसेल, तर फितीने घोड्याचे वजन काढता येते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असली म्हणजे उत्तर किलोत येते. घेर १७५ आणि लांबी १५५ असेल, तर वजन जवळजवळ ४०० किलो. त्याचा पाचवा हिस्सा ८०.

स्वाराचे वजन ७२ किलो आहे असे धरू. पण घोडीच्या पाठीवर ७२ किलो येत नाहीत. चामड्याचे खोगीर, रिकिबी, तंग आणि खालची गादी यांचे मिळून १० किलो. बूट, शिरस्त्राण आणि कपडे यांचे ३. एकूण ८५. म्हणजे शेकडा २१ च्या थोडे वर. हलके खोगीर घेतले तर हा आकडा २० पर्यंत उतरतो. दुकानदारीच्या भाषेत बोलावयाचे तर येथे वजन ‘बारदानासह’ मोजावयाचे आहे. निव्वळ स्वाराचे वजन सांगणे म्हणजे पोत्याचे वजन सोडून देण्यासारखे आहे.

आणखी एक सावधगिरी अशी की, पाचवा हिस्सा काढावयाचा तो घोड्याच्या निरोगी वजनाचा. फाजील चरबीने फुगलेल्या घोड्याचे वजन धरून आपल्यासाठी अधिक भार मंजूर करून घेणे योग्य नव्हे; ती चरबी हादेखील त्याच्या पायांवरचा भारच असतो.

बरगड्या झाकल्या, पाठ भरली काय?

उपाशी राहिलेल्या घोड्याचे शरीर प्रथम साठविलेली चरबी जाळते. ती संपली की स्नायू जाळू लागते. पाठीचे, पुठ्ठ्याचे, फार लांबलेल्या उपासमारीत हृदयाचेही स्नायू झिजतात. असा घोडा घरी आला म्हणजे दयाळू माणसाला वाटते, तोबरा भरून चंदी द्यावी. तीच चूक जिवावर बेतते. दीर्घ उपवासानंतर एकाएकी पिष्टमय आहार पोटात गेला की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात, रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि काही दिवसांत हृदय बंद पडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी म्हणून लसूणघास थोडाथोडा, दिवसातून अनेक वेळा देण्याची पद्धत सुचविली आणि चंदी लांबणीवर टाकली. मासक्षमण किंवा अठ्ठाईचे पारणे ज्या घरांत पाहिले जाते, त्या घरांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. पारण्याच्या दिवशी पक्वान्नांचे ताट पुढे करणारा माणूस तपस्व्याचे कल्याण करीत नाही.

अशा घोड्याला पूर्ववत वजन येण्यास अनेक महिने लागतात. वजनाची पारख करण्यासाठी १९८३ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये डॉन हेनिके यांनी १ ते ९ अशी श्रेणी ठरविली. १ म्हणजे केवळ सापळा, ९ म्हणजे अतिस्थूल आणि ५ म्हणजे मध्यम. बहुतेक लोक घोडा ५ वर आला की काम झाले असे समजतात. परंतु ही श्रेणी चरबी मोजते, बळ मोजत नाही. चरबी लवकर परत येते. स्नायू मात्र काम, आहार आणि काळ या तिन्हींच्या मेळातूनच येतात. बरगड्या झाकल्या गेल्या, तरी पाठ अजून रिकामी असू शकते. घोड्याच्या मागे उभे राहून पाठीकडे पाहावे. कणा घराच्या आढ्यासारखा वर निघालेला आणि दोन्ही अंगे उतरती असतील, तर तेथे खोगीर ठेवण्यास अजून जागा तयार झालेली नाही.

याचे महत्त्व समजण्यासाठी घोड्याची रचना पाहावी. घोड्याला गळ्याजवळचे हाड, आपण ज्याला हसळी म्हणतो ते, नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. पाठीवर बसलेला माणूस त्या झोळीला खाली ओढतो आणि कणा वाकवितो. पोटाचे व पाठीचे स्नायू मिळून त्याला पुन्हा वर उचलतात. स्नायू नसतील, तर भार हाडांवर आणि सांध्यांवर उतरतो. टेव्हिस चषकाच्या घोड्यांचा १९९० च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हाही हेच दिसून आले. वाट पुरी होणे न होणे हे स्वाराच्या वजनापेक्षा घोड्याच्या अंगावर पुरेसे मांस असण्यावर अधिक अवलंबून होते. त्या स्त्रीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. ‘मी किती जड?’ याच्या आधी ‘ती किती भरली?’ हे विचारावयास हवे.

घोडी स्वतःच एक पंचांग बरोबर घेऊन फिरत असते. घोड्याचे खूर वरच्या कडेपासून खाली वाढते आणि पुढच्या बाजूने वरून जमिनीपर्यंत पोहोचण्यास त्यास सुमारे नऊ ते बारा महिने लागतात. उपासमार, ताप किंवा आहारातील मोठा बदल झाला, की खुरावर एक आडवे वलय उमटते. ते वलय दर महिन्यास थोडे थोडे खाली सरकते. नालबंद खूर कापतो तेव्हा एक दिवस तेही कापले जाते. ते जमिनीला टेकेपर्यंत तरी घाई करू नये, असा कोणताही लेखी नियम नाही. पण दुःखाचे दिवस अंगावरून पुरते उतरण्यास किती काळ लागतो, हे त्याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

मधल्या काळात करण्यासारखे पुष्कळ असते. दात तपासावेत, जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे, रोज खरारा करावा. दोरीने धरून सपाट वाटेवर चालवावे, मग हलक्या चढउतारावर. जमिनीवर आडव्या काठ्या टाकून त्यांवरून पावले उचलावयास लावावे. पोटाचे आणि पाठीचे स्नायू याने जागे होतात. त्यानंतर रिकामे खोगीर घालून चालवावे. पुढे कोणी हलका, समतोल स्वार दहा-पंधरा मिनिटे बसावा, तेही कदम चालीने. दुडकी त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. ज्या घोडीचा पाचवा हिस्सा ८० किलो, तिच्यावर या आरंभीच्या काळात त्याहून पुष्कळच कमी भार असावा, हे उघड आहे.

आकार आणि आसन

वजनाखेरीज आकाराचाही प्रश्न असतो. लांब मांड्यांच्या किंवा रुंद बांध्याच्या स्वाराला मोठ्या आसनाचे खोगीर लागते. अरबी घोड्याची पाठ आखूड. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तेथून पुढे कमरेला बरगड्यांचा आधार नाही. स्वाराला पुरेल असे आसन घोडीच्या पाठीला पुरत नाही आणि घोडीला पुरेल असे आसन स्वाराला पुरत नाही, असा पेच पुष्कळदा पडतो. लहान आसनात मोठा स्वार बसला की तो मागच्या कडेवर रेलतो आणि सारा भार एका ठिकाणी जातो. हे स्वाराच्या वजनाइतकेच त्रासदायक असते. अंग भरत असलेल्या घोडीची पाठ तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलते. आज बसलेले खोगीर उद्या टोचू लागते. म्हणून जाणत्या खोगीरकाराकडून ते पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते.

स्वाराच्या अंगातील तोल हाही भाराचाच भाग आहे. डोक्यावर घागर घेऊन चालणारी स्त्री आणि तीच घागर हेंदकाळत नेणारा नवखा माणूस यांत वजनाचा फरक नसतो, तरी मानेला फरक कळतो. लगामावर लोंबकळणारा, प्रत्येक पावलागणिक खोगिरावर आदळणारा हलका स्वार हा स्थिर बसणाऱ्या जड स्वारापेक्षा घोड्याला अधिक छळू शकतो. रिकिबीत पाय ठेवून खालून वर चढताना घोड्याची पाठ एका बाजूस ओढली जाते. त्यासाठी ओटा किंवा चौरंग वापरावा. या गोष्टी कोणालाही साधण्याजोग्या आहेत.

आणि घोडी बोलत नसली, तरी सांगत असते. डायसन यांनी २०१८ मध्ये स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या २४ खुणांची यादी प्रसिद्ध केली. कान मागे टाकणे, तोंड उघडणे, शेपूट सतत झटकणे, डोके हलविणे, नजर शून्यात लावणे, पावलांची लय तुटणे अशा त्या खुणा आहेत. त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्या, तर घोड्याच्या अंगात कोठेतरी दुखत असण्याचा संभव फार. ‘घोडी हट्टी आहे’ असे म्हणून टाच मारण्याआधी ही यादी आठवावी. उपासमारीतून आलेली जनावरे तर बहुधा सोसण्यास शिकलेली असतात. त्यांची तक्रार हळू आवाजात असते.

तागडीची लाज कसली?

स्वारीच्या शाळांत वजन विचारले की माणसे चार-पाच किलो कमी सांगतात, हा पुष्कळांचा अनुभव. कारण समजण्यासारखे आहे. शरीरावरून हिणविले जाण्याचे दुःख अनेकांनी सोसलेले असते आणि काट्यावर उभे राहणे म्हणजे पुन्हा तीच परीक्षा, असे त्यांना वाटते. पण गिरनारच्या पायथ्याशी डोलीत बसण्यापूर्वी यात्रेकरूला तोलले जाते आणि वजनाप्रमाणे डोलीचे मोल ठरते. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. हजारो पायऱ्या चढावयाच्या त्या दोन खांद्यांना आपल्या भाराची खरी माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे, हे सर्वांस मान्य असते. घोडीच्या पाठीचाही हक्क तोच.

श्रावकाच्या अणुव्रतांचा विचार करताना तत्त्वार्थसूत्राने प्रत्येक व्रताचे अतिचार सांगितले आहेत. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अन्नपाणी रोखणे यांबरोबर ‘अतिभारारोपण’ हा स्वतंत्र अतिचार आहे. सोडविलेल्या घोडीच्या बाबतीत हे शब्द किती नेमके लागू पडतात, हे पाहावे. तिचा पूर्वीचा मालक अन्नपाणी रोखण्याचा दोषी होता. नवा पालक प्रेमाने, पण हिशेब न करता तिच्यावर बसला, तर एका अतिचारातून सोडविलेला जीव दुसऱ्या अतिचारात पडतो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे, म्हणजे खोटी वजने व मापे वापरणे. ग्राहकाला तागडीत फसवू नये हे व्यापारी घरातील मूल लहानपणीच शिकते. स्वतःचे वजन कमी सांगून जनावरावर चढणे ही त्याच जातीची फसवणूक आहे. फरक एवढाच की, हा ग्राहक तक्रार घेऊन दुकानात येत नाही.

म्हणून काट्यावर उभे राहताना आरशाची आठवण नको. ८५ किलोचा माणूस चांगला की वाईट, सुंदर की कुरूप, याच्याशी घोडीला कर्तव्य नाही. तिला एवढेच ठाऊक असते की, आज पाठीवर ८५ किलो आहेत आणि तिची पाठ आज इतके पेलते किंवा पेलत नाही. त्याच स्वाराला दुसरा अधिक वजनाचा, रुंद कमरेचा घोडा सहज नेऊ शकेल.

आपल्या वाटेवरची तट्टे

हा विचार इंग्लंडातील पागांपुरता नाही. ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर पर्यटकांना वाहणाऱ्या गाढवांच्या पाठी सोलवटलेल्या दिसू लागल्या, तेव्हा तेथील सरकारने २०१८ मध्ये त्यांच्यावर १०० किलो किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घालू नये असे बजावले. भारतात हा विचार त्याच्या कितीतरी आधी कायद्यात आला आहे. ओझ्याच्या व भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा गाढवास ५० किलो, तट्टास ७० किलो आणि खेचरास २०० किलो अशी ठरविली आहे.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने सहलीस गेलेली कुटुंबे घोड्यावर बसतात. तेथील घोड्याच्या निरोगी वजनाचा पाचवा हिस्सा किती होईल, हा हिशेब चढण्यापूर्वी मनात करण्यास अर्धे मिनिट पुरते. मुलाला घोड्यावर बसवून आपण बाजूने पायी चालणे, जड माणसाने उतारावर उतरून घेणे, घोड्याच्या पाठीवर जखम दिसली तर तो घोडा न घेता मालकाशी गोडीने बोलणे, हे सर्वांना जमण्यासारखे आहे. घोडेवाल्याचे पोट त्या जनावरावर चालते. त्याला पूर्ण पैसे देऊन जनावराचा भार हलका करता येतो.

पायी चालण्याचे दिवस

अखेर त्या स्त्रीकडे यावे. तिने वजन केले, फीत लावली, आकडे कागदावर मांडले. निघाले ते असे: आज बसणे उचित नाही. कदाचित सहा महिन्यांनी, पाठ भरल्यावर, हलके खोगीर घेऊन, सपाट वाटेवर वीस मिनिटे बसता येईल. कदाचित पशुवैद्य सांगेल की, या घोडीवर कोणी हलक्या स्वारानेच बसावे. कदाचित जुन्या उपासमारीने सांध्यांत किंवा पाठीत कायमचे काही राहून गेले असेल आणि तिच्यावर कोणीच बसू नये असे ठरेल. तिन्ही उत्तरांसाठी मनाची तयारी असणे हीच घोडी घरी आणण्याची खरी अट आहे. तिच्यावर बसता यावे म्हणूनच तिला वाचविले असेल, तर ती वाचली असे म्हणता येत नाही; तिचे केवळ काम बदलले.

जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी १८३४ साली मुंबईत पांजरपोळ उभे केले. तेथे आश्रय मिळण्यासाठी जनावराने काही काम करून दाखवावे, अशी अट नव्हती. पोसणाऱ्याने परतफेड मागावयाची नाही, ही रीत व्यापारी घराण्यांनीच घालून दिली आहे, आणि प्रत्येक व्यवहारात नफा पाहणाऱ्यांनी ती घालून दिली, म्हणून तिचे मोल अधिक.

तोपर्यंत पायी चालण्याचे दिवस आहेत. सकाळी दव असताना दोरी हातात घेऊन घोडीबरोबर अर्धा तास चालावे. चढावर ती पुढे होते, उतारावर थांबून वाट पाहते. तिचा श्वास कोठे वाढतो, कोणत्या पायावर ती जपून टेकते, कशाला बिचकते, हे सारे बाजूने चालणाऱ्याला कळते. वर बसलेल्याला त्यातले पुष्कळसे कळत नाही. अशा चालण्यात स्वाराच्याही मांड्यांत बळ येते आणि वजनही थोडे उतरते. मग एक दिवस नालबंद येतो, खूर हातात घेतो आणि उपासमारीच्या दिवसांचे ते आडवे वलय कापून खाली टाकतो. त्या दिवशी पुन्हा फीत लावावी, पुन्हा काट्यावर उभे राहावे, आणि येईल तो आकडा मानावा.